रॉक मशीन / इंडस क्रीडच्या जुन्या कॅसेट: बुरशी, दबलेला आवाज आणि डिजिटल प्रत

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. रॉक मशीनच्या दोन मूळ कॅसेट बऱ्याच वर्षांनी हातात आल्या आहेत, १९८८ चा पहिला अल्बम आणि १९९० चा दुसरा. दोन्हींची नीट डिजिटल प्रत करायची आहे. स्थिती अशी:

१९८८ ची: खिडकीतून बघितलं तर गुंडाळीच्या कडेला पांढरी पूड दिसते. अजून वाजवलेली नाही.
१९९० ची: वाजते, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. बेस ऐकू येतो, झांजा जवळजवळ नाहीत. मधूनच आवाज खालीवर होतो.

यंत्र म्हणजे घरातला जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र). त्याचा बेल्ट वितळून डांबर झालाय. मुक्काम नाशिक, त्यामुळे इथे काय मिळेल तेही सांगा. दुकानात देऊन 'एमपीथ्री करून मिळेल' हा पर्याय नको.

मेनरोडकर
वा, हे नाव किती वर्षांनी दिसलं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला बँड. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनाईकर, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझेस, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया. बाकी बँड इंग्रजी गाणी 'कव्हर' करून टाळ्या घेत होते, त्या काळात हे स्वतःची गाणी घेऊन धोबी तलावच्या रंगभवनात उभे राहायचे. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, १९९७ च्या सुमारास बँड थांबला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम काढला.

शोधताना अडचण इथेच येते. नुसतं 'रॉक मशीन' टाकलंत तर कॅनडातली एक मोटारसायकल टोळी समोर येते, तीही खूनबाजीच्या बातम्यांसकट. बँडच्या नावासोबत 'उदय बेनेगल' किंवा 'इंडस क्रीड' टाका. डिस्कॉग्जवर (ध्वनिमुद्रणांची ऑनलाइन सूची) दोन्ही नावांची वेगळी पानं असू शकतात, दोन्ही बघा. गाण्याच्या नावाने शोधण्यापेक्षा कॅसेटच्या कार्डावरच्या कॅटलॉग क्रमांकाने शोधलं तर नेमकी आवृत्ती सापडते. कार्डावरचा क्रमांक आणि कॅसेटच्या अंगावर छापलेला क्रमांक जुळतो का ते आधी पाहा. जुन्या बाजारातल्या कॅसेटमध्ये डबी एकाची आणि माल दुसऱ्याचा, हे सर्रास असतं.

कार्डावर गोलात पी आणि गोलात सी अशी दोन चिन्हं दिसतील. पी म्हणजे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं वर्ष, सी म्हणजे वेष्टनावरच्या चित्रमजकुराचं. नवीन छपाईत सी बदलू शकतं, पी तेच राहतं.

रेडिओबुवा
१९८८ ची कॅसेट वाजवू नका. रिवाइंडही नको. पांढरी पूड म्हणजे बहुतेक बुरशी, आणि ती एकदा हेडवर (टेप वाचणारा भाग) आणि पिंच रोलरवर (टेप ओढणारं रबरी चाक) गेली की त्यानंतर घातलेली प्रत्येक कॅसेट बाधते. नाशिक शहरात पावसाळा त्र्यंबक-इगतपुरीइतका भयंकर नसला तरी बंद लोखंडी कपाटात चार महिने दमट हवा कोंडली की तेवढं पुरतं.

आधी वाळवणं. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळलेली झटकली की पडते. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल (निळे किंवा नारिंगी खडे, रंग बदलला की ओल भरली असं समजायचं) आणि कॅसेट उघडी, म्हणजे तिच्या डबीबाहेर. आठवडा-दोन आठवडे राहू द्या. खड्यांचा रंग बदलला तर ते १२० अंशाला दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. खडे तापवा, कॅसेट नाही.

मग गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत, एन-९५ मास्क लावून पुढचं काम. दमा असलेल्याने हे करूच नये, दुसऱ्याला सांगावं. कॅसेटच्या अंगाला पाच स्क्रू असतील तर ती उघडा. गुंडाळीच्या कडेवरची पूड मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला झटका. नंतर एखाद्या टाकाऊ प्लेअरमध्ये टेप प्लेच्या वेगाने पूर्ण एकदा फिरवा आणि हेडच्या आधी टेपच्या दोन्ही बाजूंना हलका स्पर्श होईल असं कोरडं मायक्रोफायबर धरा. कापडाची जागा सतत बदलायची. फास्ट फॉरवर्डवर केलंत तर बुरशीने चिकटलेला थर उचकटून त्याच्यावरचं चुंबकीय लेपन निघतं, आणि लेपन गेलं की गाणं गेलं.

टेपला स्पिरिट, सॅनिटायझर, पाणी काहीही लावू नका.

कडीपत्ता
माझ्या माहितीप्रमाणे जुन्या टेप ओव्हनमध्ये ५० अंशाला भाजतात. आठ तास. ते केलं तर बुरशीही मरेल ना?

रेडिओबुवा
@कडीपत्ता, ते औषध वेगळ्या दुखण्याचं आहे. १९७०-८० च्या दशकातल्या काही स्टुडिओ रील टेपमध्ये लेपन धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा चिकटा हवेतली ओल पिऊन लिबलिबीत होतो. टेप हेडला चिकटते, किंचाळते. त्या टेप ५० ते ५५ अंशाला, तापमान स्थिर ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात तासन्‌तास ठेवतात आणि मग थोड्या आठवड्यांत प्रत काढून घेतात. घरच्या ओव्हनचा काटा ५० दाखवतो तेव्हा आत ७०-८० चा झटका येऊन गेलेला असतो. कॅसेटचं प्लास्टिक त्यात वाकतं. कॅसेटना हा रोग क्वचितच होतो आणि बुरशीसाठी तर हा उपाय मुळीच नाही. कृपया कोणी करू नये.

सातपूर_फिटर
आता दुसऱ्या कॅसेटकडे येतो. आवाज दबलेला आणि खालीवर होणारा, या दोन तक्रारी एकत्र असतील तर पहिला संशय प्रेशर पॅडवर. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध पितळी रंगाच्या पातळ स्प्रिंगवर नमद्याचा चौकोनी तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. तीस-पस्तीस वर्षांत त्याचा डिंक सुकतो, तुकडा गळून पडतो किंवा तिरका होतो. मग टेप हेडपासून किंचित उचलली जाते आणि सगळ्यात आधी वरचे स्वर जातात.

उपाय सोपा: पाच स्क्रूची एखादी टाकाऊ कॅसेट घ्या (बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर किंवा भद्रकालीत भंगारवाल्यांकडे भजन-प्रवचनाच्या कॅसेटचे ढीग असतात) आणि मूळ टेप तिच्या खोक्यात (डबीत नव्हे, कॅसेटच्या प्लास्टिकच्या अंगात) हलवा. मूळ कॅसेट स्क्रूची नसून चिकटवलेली असेल तर सांध्यावरून पातळ पातं घालून कडेकडेने उकला, मधून नाही. हलवताना चार गोष्टी जागेवर लागतात: दोन्ही कोपऱ्यांतले रोलर, वरखालचे पातळ प्लास्टिकचे कागद, पॅडची स्प्रिंग आणि तिच्या मागची धातूची पट्टी. ती पट्टी हेडला बाहेरच्या चुंबकत्वापासून आडोसा देते, विसरली की गुणगुण वाढते. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, टेप कुठल्या खिळ्याच्या कुठल्या बाजूने जाते ते नंतर आठवत नाही.

पॅड ठीक असेल तर मामला अझिमथचा, म्हणजे हेडच्या तिरपेपणाचा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के लोक इथे कंटाळा करतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवत बसतात.

हेडमधली फट टेपच्या चालीला बरोबर ९० अंशात हवी. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या स्वराची टेपवरची लांबी ४.७६ मायक्रॉन भरते. एका चॅनलचा पट्टा साधारण ०.६ मिलिमीटर रुंद. फट जेमतेम अर्धा अंश तिरकी झाली तरी पट्ट्याच्या रुंदीत स्वराची चढती बाजू आणि उतरती बाजू एकाच वेळी वाचली जाते. दोन्ही एकमेकांना खातात आणि १० किलोहर्ट्झ साफ नाहीसा होतो. बेसला फरक पडत नाही कारण त्याची लांबी कितीतरी जास्त. 'बेस आहे, झांजा नाहीत' हे त्याचंच लक्षण.

शिवाय बाजारी कॅसेट वेगवान डुप्लिकेटरवर काढल्या जायच्या आणि प्रत्येक यंत्राचं हेड थोडं वेगळं बसलेलं असायचं. म्हणून अझिमथ 'बरोबर' असं एकच नसतं. त्या कॅसेटपुरतं, आणि बहुतेक वेळा त्या बाजूपुरतं ते लावायचं असतं.

कृती: प्ले दाबल्यावर हेड वर येतं, त्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. ज्याच्या खाली स्प्रिंग आहे तो अझिमथचा. बऱ्याच टू-इन-वनमध्ये झाकणाला त्यासाठी बारीक भोक ठेवलेलं असतं. स्क्रूची मूळ स्थिती मार्करने खूण करून ठेवा. आवाज मोनो करा. हे महत्त्वाचं: स्टीरिओत कानाला फसवायला जागा असते, मोनोत दोन चॅनल एकत्र आले की चूक दुप्पट ऐकू येते. झांजा किंवा 'स'-'श' स्पष्ट असलेला भाग लावा आणि स्क्रू एकावेळी आठवा हिस्सा फेरा, असा हळू फिरवा. आवाज उघडत जाईल, एका जागी सर्वांत लख्ख होईल, पुढे परत मिटेल. लख्ख जागेवर थांबा. पाव फेऱ्याच्या पलीकडे जावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकीय नको. हल्ली जवळजवळ सगळे तसेच येतात. टाचणी उचलून पाहा, उचलली तर तो बाजूला ठेवा.

अष्टविनायक_एक्स्प्रेस
फिटरभाऊ, हा प्रतिसाद वाचनखुणेत. तुमच्यामुळे सासऱ्यांच्या कीर्तनाच्या कॅसेटचंही भलं होणार.

गोदाकाठ
धन्यवाद. बेल्टचं काय? आणि साफसफाईला मेडिकलमधलं स्पिरिट चालेल का?

सातपूर_फिटर
मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ७० टक्के, उरलेलं पाणी. हेडसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात किंवा मोबाईल दुरुस्तीचं साहित्य मिळतं तिथे मिळेल, शंभर मिली पुरे. हेड, कॅप्स्टन (बारीक चकचकीत दांडी) आणि टेपच्या वाटेवरचे धातूचे भाग कानकाडीने पुसा, काडी स्वच्छ येईपर्यंत. पिंच रोलर रबरी, त्याला अल्कोहोल वारंवार लावलं तर चिरा पडतात. तो पाण्यात थेंबभर साबण घालून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

डांबर झालेला बेल्ट मात्र अल्कोहोलनेच निघतो. हातमोजे घाला, ते काळं कपड्यावरून जात नाही. पुलीच्या खाचेत कणही उरता कामा नये, नवा बेल्ट तिथे उडी मारतो आणि आवाज थरथरतो. नव्या बेल्टचं माप असं: बेल्ट जिथून जातो तिथून दोरा फिरवून घेर मोजा, त्यातून ५ ते ७ टक्के वजा करा. घेर २२० मिमी आला तर २०५-२०९ चा बेल्ट. घट्ट घेतलात तर मोटरचं बुश झिजतं, सैल घेतलात तर शेवटच्या गाण्याला, म्हणजे गुंडाळी जड झाली की, वेग पडतो. जाडी आणि आकार (चौकोनी की चपटा) जुन्याप्रमाणेच. शालिमार-एमजी रोड भागात जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे अजून आहेत, त्यांच्याकडे मिश्र बेल्टचं पाकीट मिळतं. नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच.

तरी माझं मत विचाराल तर टू-इन-वन फक्त बुरशीवाली टेप फिरवायला ठेवा. अंतिम प्रतीसाठी चांगला डेक (स्पीकर नसलेलं, ॲम्प्लिफायरला जोडायचं कॅसेटयंत्र) मित्राकडून मागून आणा. सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा एखादा एकतर्फी डेक चालेल. ऑटो-रिव्हर्स टाळा, हेड फिरतं तिथे अझिमथ टिकत नाही.

लाइनइन
प्रत काढण्याबद्दल मी लिहितो.

लॅपटॉपच्या हेडफोन भोकात डेकची वायर खुपसू नका. ते एकत्रित भोक आत येणाऱ्या आवाजासाठी फक्त मोनो माइक ओळखतं आणि माइकसाठीचा विद्युतदाबही सोडतं. डावं-उजवं एक होईल आणि आवाज फाटेल. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस हवा. स्वस्तात बेहरिंगर यूसीए२०२, त्याला थेट आरसीए तारा लागतात. तो १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, पण कॅसेटच्या सुरसुरीसमोर १६ बिट पुरेसे आहेत. कोणाकडे २४ बिटचा असेल तर पातळी लावताना निवांतपणा मिळतो, इतकंच. 'कॅसेट टू एमपीथ्री' म्हणून जे छोटे वॉकमनसारखे डबे ऑनलाइन मिळतात ते घेऊ नका. त्यांची यंत्रणा हलकी, वेग डगमगतो.

डेकच्या लाइन-आउटमधून घ्या. हेडफोनमधून घ्यावं लागलं तर टोन आणि 'बेस बूस्ट' सगळं मध्यावर. ऑडॅसिटीत (ध्वनिमुद्रणाचं मोफत सॉफ्टवेअर) सर्वांत मोठा भाग आधी वाजवून शिखर उणे ६ डीबीच्या आसपास ठेवा. पूर्ण बाजू एका दमात घ्या, गाण्यागणिक थांबवू नका. साठवायचं डब्ल्यूएव्हीमध्ये. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओला तासाला साधारण १ जीबी लागते, फ्लॅक (दर्जा न घालवता आकार कमी करणारा प्रकार) केलं तर त्याच्या निम्म्याच्या थोडं वर.

५० हर्ट्झची घुमघुम आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच संपते.

आणि सुरू करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही टॅब मोडलेले आहेत ना ते पाहा. मूळ बाजारी कॅसेटला नसतातच, पण खोकं बदललं असेल तर नव्या खोक्याला असू शकतात. चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं की संपलं.

मेनरोडकर
डॉल्बी (टेपची सुरसुर कमी करणारी सोय) लावायचा का? डेकवर बटण आहे.

लाइनइन
कार्डावर दोन उलटसुलट 'डी'चं चिन्ह असेल तरच. नसताना डॉल्बी बी लावलं तर सुरसुर कमी झाल्यासारखी वाटते खरी, पण त्यासोबत झांजांची शेपटी कापली जाते. आणि चिन्ह असेल तर आधी अझिमथ, मग डॉल्बी. वरचे स्वर आधीच कमी पोचले तर डॉल्बी त्यांना आणखी खाली ढकलतो.

कडीपत्ता
मग सुरसुर घालवायची कशी? ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, मी २४ डीबी लावतो, एकदम शांत होतं.

लाइनइन
शांत होतं, आणि ड्रम्स पाण्याखाली वाजतात. दोन गाण्यांमधल्या शांत जागेचा नमुना घेऊन ६ डीबी, फार तर ८. हेडफोनवर फक्त 'रेसिड्यू' ऐका, म्हणजे काढून टाकलेला भाग. त्यात गाणं ओळखू येत असेल तर जास्त झालं. आणि हे सगळं प्रतीच्या प्रतीवर. मूळ डब्ल्यूएव्हीला हात लावू नये, दहा वर्षांनी याहून चांगलं साधन येईल.

माझं तर मत, हार्ड रॉकला सुरसुर काढूच नये. गिटार सुरू झाली की ती ऐकू येत नाही.

गोदाकाठ
एक राहिलं. वेग बरोबर आहे हे कसं ओळखायचं? टेस्ट टेप (ठरावीक स्वर भरलेली कॅसेट) नाही.

सातपूर_फिटर
टेस्ट टेप असेल तर ३१५० हर्ट्झ वाजवून मीटर बघायचा. नसेल तर गाण्यावरूनच. वेग ६ टक्के वाढला की पांढरी एकची काळी एक होते, १ टक्क्याला त्याचा सहावा हिस्सा. ट्यूनर ॲपवर सुटी गिटार किंवा की-बोर्डचा लांब स्वर धरा. पण सावध, त्या काळातले बरेच रॉक बँड गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचे, त्यामुळे सगळं नेमकं अर्ध्या स्वराने खाली दिसलं तर तो दोष समजू नका. दोन पट्ट्यांच्या मधे स्वर पडत असतील तर वेग चुकलाय.

बँडने किंवा कंपनीने अधिकृत ठेवलेलं तेच गाणं मिळालं तर लांबी ताडून पाहा. चार मिनिटांच्या गाण्यात १ टक्क्याने २.४ सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीचा ठोका ते शेवटचा ठोका असं मोजा, फेड-आउटवर जाऊ नका. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत वेगाचा प्रीसेट (वेग कमीजास्त करायचा बारीक स्क्रू). यंत्र दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच फिरवा, थंडीत घट्ट झालेलं ग्रीस वेग खाली दाखवतं. निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत तर नकोच.

बाजूच्या सुरुवातीला बरोबर आणि शेवटी हळू असं झालं तर प्रीसेटला हात लावू नका. बेल्ट किंवा पिंच रोलर बघा.

न्यायडोंगरी
सगळं झालं की कोणीतरी यूट्यूबवर चढवेल, म्हणून आधीच सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. १९८८ च्या अल्बमचा हक्क २०४८ अखेरपर्यंत, १९९० च्याचा २०५० अखेरपर्यंत. स्वतःपुरत्या वापराला कलम ५२ मध्ये सवलत आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती संगणक प्रणाली सोडून सगळ्याच कृतींना लागू होते. स्वतःच्या कॅसेटची स्वतःसाठी प्रत, इतकं बसतं. अपलोड, व्हॉट्सॲप ग्रुप, पेन ड्राइव्ह वाटणं यात बसत नाही. हा बँड अनामिक नाही, माणसं आहेत, कामही करत आहेत. त्यांना विचारता येतं.

मेनरोडकर
+१. आणि विचारल्याचा फायदाही होतो. मुंबईच्याच ॲटॉमिक फॉरेस्टचं उदाहरण घ्या: १९७० च्या दशकातला बँड, एकुलती एक एलपी १९८१ मध्ये, तीही बँड मोडल्यावर आली. मिळेनाशी झाली. २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीने जुनी ध्वनिमुद्रणं गोळा करून रीतसर पुन्हा काढली.

जुन्या उल्लेखांसाठी अलाहाबादहून १९९३ मध्ये सुरू झालेलं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक शोधा. मराठी वर्तमानपत्रांत या बँडबद्दल फारसं सापडणार नाही, सार्वजनिक वाचनालयातली दप्तरं चाळायला जाणार असाल तर मुंबईच्या इंग्रजी दैनिकांपासून सुरुवात करा.

वाचनखूण
फाइलींना नावं देताना वर्ष आधी घाला: '१९८८_बाजू१_मूळ', '१९८८_बाजू१_साफ'. टॅगमध्ये कलाकार म्हणून 'रॉक मशीन' लिहा आणि शेऱ्यात 'नंतर इंडस क्रीड'. कार्डाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, घडी उलगडून. शेऱ्यात डेकचं मॉडेल, डॉल्बी लावला की नाही आणि खोकं बदलल्याची नोंदही ठेवा. कोणी नंतर ताडून पाहिलं तर उपयोगी पडते.

रेडिओबुवा
आणि काम झाल्यावर १९८८ ची कॅसेट परत त्याच कपाटात ठेवू नका. कपाट आधी पुसून उन्हात उघडं ठेवा, मूळ डबी साबणाने धुवून पूर्ण वाळवा, कार्ड वेगळ्या पाकिटात. कॅसेट उभी ठेवायची, बाजू पूर्ण वाजवून संपलेल्या स्थितीत, म्हणजे गुंडाळी एकसारखी बसते. हवेतली ओल ४०-५० टक्के राहील एवढं पाहा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि दर पावसाळ्याच्या शेवटी खड्यांचा रंग बघायचा. स्पीकरजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.